सेल्फ्रिजेसच्या तळघरातील टेलिफोन : गुप्त संभाषणाची किल्ली कोणाकडे?

७ डिसेंबर १९४१, रविवार. वॉशिंग्टनमध्ये दुपार होत आली होती. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल यांच्या हाती जपानचा एक उकललेला राजनैतिक संदेश होता. वॉशिंग्टनच्या घड्याळात दुपारचा एक वाजेल त्या सुमारास पॅसिफिकमध्ये काहीतरी घडणार, असा त्याचा अर्थ लावला गेला. हवाई, फिलिपीन्स आणि पनामा येथील सेनानींना तत्काळ सावध करणे भाग होते. मार्शल यांच्या टेबलावर टेलिफोन होता. तो साधा नव्हता, बोलणाऱ्याचा आवाज विस्कटून पलीकडे पाठवणारा होता. मार्शल यांनी तो उचलला नाही.

त्या टेलिफोनवर त्यांचा विश्वास नव्हता. कोणी चोरून ऐकत असेल, तर जपानचे संकेत अमेरिकेने फोडले आहेत हे गुपितच उघडे पडले असते. इशारा कूटबद्ध तारेने पाठवायचे ठरले. होनोलुलूशी लष्कराचा बिनतारी संपर्क त्या सकाळी होत नव्हता, म्हणून तार खासगी कंपनीमार्फत गेली. ती होनोलुलूला स्थानिक वेळेनुसार ७ वाजून ३३ मिनिटांनी पोहोचली. पर्ल हार्बरवर बाँब पडू लागले ते आठ वाजण्याच्या सुमारास. जपानी वंशाचा एक तारवाला मोटारसायकलवरून, पेटलेल्या बंदराच्या धुरातून वाट काढत, ती तार लष्करी मुख्यालयात घेऊन गेला तेव्हा दुपार होत आली होती. ती उकलून हवाईचे सेनापती जनरल शॉर्ट यांच्या हाती पडली, तोपर्यंत हल्ला संपून काही तास झाले होते.

फोन केला असता तर इतिहास बदलला असता, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. आपण फोन केला असता तर आधी फिलिपीन्सला मॅकआर्थर यांना केला असता, असे मार्शल यांनीच पुढे चौकशीत सांगितले. या प्रसंगातून एक गोष्ट मात्र निर्विवाद दिसते. जगातल्या सर्वांत श्रीमंत राष्ट्राच्या लष्करप्रमुखाकडे खात्रीने खासगी म्हणता येईल असा एकही टेलिफोन नव्हता. आज तो भाजीबाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात असतो. हे अंतर कसे कापले गेले, आणि वाटेत त्या गुप्ततेची किल्ली कोणाकोणाच्या हातांतून गेली, हा या लेखाचा विषय.

लिखित मजकूर लपवण्याची कला फार जुनी आहे. अक्षरे सुटी असतात. त्यांची अदलाबदल करता येते, त्यांच्या जागी आकडे ठेवता येतात. बोलण्याऐवजी खुणांनी काम भागवण्याचीही परंपरा आहे. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द मराठीत त्यातूनच आले. पण खुद्द आवाज लपवणे हे निराळेच प्रकरण आहे. आवाज ही अखंड लहर असते, तिला अक्षरे नसतात. शिवाय मानवी कान कमालीचा चिवट आहे. निम्मे शब्द वाऱ्याने उडवले, मध्ये भांडी वाजली, पलीकडचा माणूस तोंडात घास घेऊन बोलला, तरी अर्थ लागतोच. हा गुण घरात उपयोगी पडतो. गुप्त संभाषणाची यंत्रे बनवणाऱ्यांना मात्र तो शत्रूच वाटला, कारण आवाज कितीही विस्कटला तरी कान त्यातून शब्द वेचून काढीत असे.

मार्शल यांच्या टेबलावरच्या यंत्रणेचे नाव ए-३. ती अमेरिकन टेलिफोन कंपनीची व्यापारी यंत्रणा होती. आवाजाच्या पट्ट्याचे ती पाच तुकडे करी, काही उलटे करी, त्यांच्या जागा बदली आणि दर वीस सेकंदांनी ही मांडणी पालटे. मांडण्या एकूण ३६. त्या संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. म्हणजे तिची सारी गुप्तता यंत्राच्या रचनेत होती. ज्याला रचना कळली, त्याला सर्वांचीच संभाषणे उघडी.

जर्मनीला ती कळली. हे काम गेस्टापोचे नव्हते, टपाल खात्याचे होते. टेलिफोन तेथे टपालाच्याच अखत्यारीत येई. खात्याच्या संशोधन संस्थेतील कुर्ट फेटरलाइन या अभियंत्याने १९४१ च्या शरद ऋतूपासून अटलांटिकवरील रेडिओ-टेलिफोनचा अभ्यास केला आणि व्याप्त हॉलंडच्या किनाऱ्यावर ऐकण्याचे केंद्र उभारले. विस्कटलेला आवाज त्याचे यंत्र जवळजवळ बोलण्याच्याच वेगाने जुळवून देई. ६ मार्च १९४२ रोजी टपालमंत्री विल्हेल्म ओनेझोर्गे यांनी हे यश हिटलरला पत्राने कळवले. २९ जुलै १९४३ रोजी, मुसोलिनीची सत्ता जाऊन चार दिवस झाले असताना, चर्चिल आणि रूझवेल्ट इटलीच्या संभाव्य शस्त्रसंधीविषयी टेलिफोनवर बोलले. ते संभाषण जर्मनांनी टिपले. जर्मन लष्करी मुख्यालयाच्या युद्धदैनंदिनीत त्याची नोंद आहे.

यातला विरोधाभास असा की, तोवर अमेरिकेकडे अभेद्य टेलिफोन तयार होता. तो सुरू होऊन बरोबर दोन आठवडे झाले होते.

त्या यंत्रणेचे नाव सिगसॅली. हे कशाचे लघुरूप नव्हे, नुसते सांकेतिक नाव. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत ती जन्माला आली आणि तिच्या मुळाशी होमर डडली या अभियंत्याची एक विलक्षण दृष्टी होती. तारेतून आवाज पाठवायची गरजच नाही, असे डडली यांना जाणवले होते. आवाजाची लहर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा हलते. पण जीभ, ओठ आणि जबडा यांची हालचाल त्या मानाने संथ असते. तेव्हा तोंड कसे हलते आहे एवढेच मोजावे, ती मोजमापे पलीकडे पाठवावी आणि तिकडच्या यंत्राने त्यांवरून आवाज नव्याने घडवावा. या उपकरणाला त्यांनी ‘व्होकोडर’ म्हटले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्याचे एक भावंड, कळफलकावर बोटांनी ‘बोलवले’ जाणारे यंत्र, प्रेक्षकांना करमणूक म्हणून दाखवले गेले होते.

सिगसॅलीत व्होकोडर आवाजाचे दहा पट्टे करी आणि प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे हे सेकंदाला पन्नास वेळा मोजी. स्वराची उंची वेगळी मोजली जाई. प्रत्येक मोजमाप शून्य ते पाच अशा सहा पायऱ्यांपैकी एकीवर बसवले जाई. (स्वराच्या उंचीला सहा पायऱ्या पुरत नाहीत, तिथे बारकावा अधिक लागतो, म्हणून तिच्यासाठी ३६ पायऱ्या होत्या.) एवढे झाले की चर्चिल यांचा आवाज चर्चिल यांचा राहत नसे, ती आकड्यांची रांग होई. आणि आकडे लपवता येतात. युद्धाच्या धामधुमीत आवाजाला अखेर अक्षरे मिळाली, असे म्हटले तरी चालेल.

लपवण्याची रीत घड्याळाच्या हिशेबासारखी. समजा आवाजाचा आकडा ४ आहे आणि किल्लीचा ५. बेरीज ९, त्यातून सहा वजा, उरले ३. हा ३ समुद्रापार जाई. पलीकडे त्याच क्षणी तीच किल्ली हजर असे. ३ मधून ५ गेले, उणे २. त्यात सहा मिळवले की पुन्हा ४. मधल्या माणसाला फक्त ३ दिसे. किल्लीचे आकडे खरोखर यदृच्छेने निवडलेले असतील आणि पुन्हा कधीच वापरले जाणार नसतील, तर तो ३ कशापासूनही झालेला असू शकतो. जगातली सारी बुद्धी आणि सारा काळ खर्चूनही त्यातून काही निघत नाही. हे केवळ अंदाजाने मानलेले नव्हते. त्याच प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी त्याची गणिती सिद्धता मांडली. ती १९४५ मध्ये गोपनीय टिपणात होती आणि १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली.

मग प्रश्न उरला किल्लीचा. यादृच्छिक आकडे आणायचे कोठून? पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या मोठ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून जो निरर्थक गोंगाट निघतो, तो मोजून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित केला गेला. प्रत्येक तबकडीच्या दोनच प्रती. एक वॉशिंग्टनला, दुसरी लष्करी बंदोबस्तात समुद्र ओलांडून लंडनला. एक तबकडी बारा मिनिटे पुरे. बोलणे लांबले तर ती संपण्याआधी दुसरी फिरू लागे. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या तबकड्या इतक्या अचूक एकतालात फिरवाव्या लागत की त्यांत काही मिलिसेकंदांचाही फरक पडून चालत नसे. वापरलेली तबकडी नष्ट केली जाई.

या साऱ्याचा पसारा प्रचंड होता. एका ठिकाणच्या यंत्रणेत लोखंडी सांगाड्यांच्या चाळीस चौकटी, वजन ५५ टन, वीज सुमारे ३० किलोवॉट, वर तिला थंड ठेवणारी वेगळी व्यवस्था. चर्चिल यांच्या भुयारी युद्धकक्षात ती मावणे शक्यच नव्हते. म्हणून लंडनची यंत्रणा ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाच्या जोडइमारतीच्या तळघरात बसवली. तेथून सुमारे मैलभर अंतरावरच्या युद्धकक्षापर्यंत जोडतार नेली. तिथली टेलिफोनची खोली इतकी अरुंद होती, आणि तिच्या दारावर शौचालयाचे असते तसे ‘रिकामे-व्यग्र’ दाखवणारे कुलूप होते, की पंतप्रधानांचे खासगी प्रसाधनगृह तिथे आहे अशीच कर्मचाऱ्यांची समजूत होती. १५ जुलै १९४३ रोजी पेंटागॉन आणि लंडन यांच्यात सिगसॅलीवरून पहिले अधिकृत संभाषण झाले. पुढे पॅरिस, अल्जिअर्स, ब्रिस्बेन, मनिला मिळून बारा ठिकाणी यंत्रणा उभ्या राहिल्या; तीन हजारांहून अधिक बैठका त्यांवरून झाल्या. रेडिओ लावून बसलेल्या शत्रूला त्यातून एकसुरी गुणगुण तेवढी ऐकू येई.

येथे ॲलन ट्युरिंग यांचा प्रवेश होतो. ज्या यंत्रावरून ब्रिटनची गुपिते बोलली जाणार, ते तपासल्याखेरीज ब्रिटन ते स्वीकारायला तयार नव्हते. तपासायला पाठवलेल्या ट्युरिंग यांना बेल प्रयोगशाळेत पाऊल ठेवू द्यायला मात्र अमेरिकी लष्कर राजी होईना. वॉशिंग्टनमधील ब्रिटिश प्रतिनिधी फील्ड मार्शल डिल यांना मार्शल यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागला. जानेवारी १९४३ मध्ये ट्युरिंग आत गेले आणि सुमारे दोन महिने तेथे राहिले. दुपारच्या चहाला शॅनन आणि ते एकत्र बसत. पण आपापल्या गुप्त कामाविषयी दोघांनाही बोलता येत नसल्याने गप्पा चालत त्या यंत्राला विचार करता येईल का, या विषयावर.

ट्युरिंग यांनी यंत्राला पसंती दिली. तरीही ब्रिटिशांच्या मनातली एक बोच गणिताने जाणारी नव्हती. यंत्र अमेरिकी, पहारा अमेरिकी, चालक अमेरिकी, तबकड्या अमेरिकी. आणि त्यावर बोलणार ब्रिटनचे मंत्री. शत्रूपासून गुप्तता होती, मित्रापासून नव्हती. मायदेशी परतल्यावर ट्युरिंग यांनी हॅन्सलोप पार्क येथे डोनाल्ड बेली या तरुण अभियंत्याच्या साथीने स्वतःचे आवाज-यंत्र बनवायला घेतले. ‘डिलायला’ हे त्याचे नाव. टेबलावर मावेल एवढे लहान. चर्चिल यांच्या भाषणाची तबकडी लावून त्याचे प्रात्यक्षिक दाखवले गेले. पण दूर पल्ल्याच्या रेडिओवर ते चालणारे नव्हते, आणि तयार झाले तेव्हा युरोपातले युद्ध संपत आले होते. ते कोणी वापरलेच नाही. ट्युरिंग यांच्या चरित्रात त्याला सहसा दोन-चार ओळी मिळतात. हा अन्याय आहे. खिशात मावणाऱ्या गुप्त टेलिफोनच्या दिशेने कोणी पहिले पाऊल टाकले असेल, तर ते येथे.

सिगसॅलीने सोडवलेला प्रश्न मोठा होता, पण त्याची किंमत तबकड्या वाहून नेणाऱ्या लष्कराएवढी होती. बोलण्याआधी दोघांकडे एकच किल्ली पोहोचलेली असली पाहिजे. राष्ट्रप्रमुखांना हे परवडते. नाशिकच्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या लंडनच्या अडत्याला परवडत नाही. किल्ली पोहोचवण्याचा सुरक्षित मार्ग आधीच असेल, तर संदेशच त्या मार्गाने का पाठवू नये? या कोड्यावर उत्तर नाही, असेच सारे तज्ज्ञ मानीत होते.

उत्तराचा धागा सापडला तोही आवाजाच्याच कामात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या संकेत विभागातील जेम्स एलिस यांच्या वाचनात बेल प्रयोगशाळेचा ऑक्टोबर १९४४ चा एक युद्धकालीन अहवाल आला. ‘प्रकल्प सी-४३’ हे त्याचे नाव. लेखक कोण, हे एलिस यांना ठाऊक नव्हते. त्यातील कल्पना गमतीची होती. बोलणाऱ्याने आवाज लपवायचाच नाही. ऐकणाऱ्याने आपल्या बाजूने तारेत गोंगाट सोडायचा. मध्ये कान लावणाऱ्याला आवाज आणि गोंगाट यांची खिचडी ऐकू येईल. ऐकणाऱ्याला मात्र स्वतःचा गोंगाट ठाऊक असल्याने तो तेवढा वजा करील. प्रत्यक्षात ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. पण एलिस थबकले ते तिच्यातल्या एका गोष्टीपाशी : बोलणाऱ्याकडे कोणतीही किल्ली नव्हती, आणि तरीही संभाषण गुप्त होते. किल्ली आधी पाठवावीच लागते, हा नियमच नव्हे तर!

हेच गणितात साधता येईल, असे एलिस यांनी १९७० मध्ये दाखवले. प्रत्यक्ष रीती त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये आणि माल्कम विल्यमसन यांनी १९७४ मध्ये शोधल्या. सारे गोपनीय राहिले. अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी तीच वाट स्वतंत्रपणे शोधून नोव्हेंबर १९७६ मध्ये उघडपणे छापली. तांदूळ आणि मोहरी एकत्र करणे क्षणाचे काम, निवडणे दिवसाचे. काही गणिती क्रिया तशाच असतात, पुढे जायला सोप्या, मागे यायला जवळपास अशक्य. दोन अनोळखी माणसे आपापला एक आकडा मनात ठेवतात, त्यावर अशी क्रिया करून आलेले उत्तर उघड्यावर एकमेकांना पाठवतात, आणि दुसऱ्याच्या उत्तरात आपला मनातला आकडा मिसळून दोघेही एकाच किल्लीपाशी पोहोचतात. मधल्याने सारे पाहिले तरी ती त्याच्या हाती लागत नाही. सिगसॅलीवरील गुप्ततेचा पडदाही त्याच १९७६ साली उठला, हा निव्वळ योगायोग. एलिस यांचे काम मात्र डिसेंबर १९९७ मध्ये जगासमोर आले. ते वारले त्याला तेव्हा काही आठवडे झाले होते.

किल्ली आता बोलणाऱ्यांच्या हातात आली, आणि सरकारे अस्वस्थ झाली. त्यांची अस्वस्थता सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. गुन्हेगारही टेलिफोनवरच बोलतात. १६ एप्रिल १९९३ रोजी क्लिंटन प्रशासनाने ‘क्लिपर’ नावाची चिप जाहीर केली. टेलिफोनमध्ये ती बसवली की संभाषण कूटबद्ध होईल, पण प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी खात्यांकडे ठेवलेले असतील आणि न्यायालयाच्या आदेशाने ते जोडून पोलिसांना ऐकता येईल. सरकारला आपली चिप ओळखता यावी म्हणून प्रत्येक संभाषणासोबत एक खूण जाई, आणि त्या खुणेची खातरजमा सोळा बिटांच्या तपासणीवर बेतली होती. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ शक्यता. संगणकाला हे किरकोळ काम. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिले की खोटी खूण बनवता येते. मग चिपचे कुलूप वापरता येते आणि सरकारची किल्ली निकामी ठरते. ब्लेझ बेल प्रयोगशाळेचेच. क्लिपरचा प्रकल्प काही वर्षांतच गुंडाळला गेला.

भारतात टेलिफोन ऐकण्याचा अधिकार ज्या कायद्यातून येई तो १८८५ चा टेलिग्राफ कायदा. त्याच्या पाचव्या कलमातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द वसाहतीच्या काळापासून चालत आले होते. राजकारण्यांचे फोन ऐकले जात असल्याचे उघड झाल्यावर ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. टेलिफोनवरचे संभाषण हा खासगी आयुष्याचा भाग आहे, असे न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले. ऐकण्याचा आदेश गृहसचिवानेच द्यावा आणि तो एका वेळी दोन महिन्यांहून अधिक चालू नये, अशी बंधनेही घातली. बंधने आदेश देणाऱ्यावर आली. तारेत मात्र कुलूप नव्हतेच. मोबाइल आल्यावर हवेतल्या लहरी कूटबद्ध झाल्या, पण हँडसेटपासून टॉवरपर्यंतच. पुढे कंपनीच्या यंत्रात आवाज उघडाच असे.

इंटरनेटच्या बाबतीत सरकारने आधीच खुंटी मारून ठेवली. १९९८ नंतर खासगी सेवादारांना जे परवाने दिले गेले, त्यांत ४० बिटांपर्यंतच्या किल्लीला मोकळीक होती. त्याहून मोठी वापरायची तर परवानगी घ्यावी आणि किल्लीचे दोन भाग करून ते सरकारकडे जमा करावेत. अमेरिकेत क्लिपर ज्या कल्पनेमुळे बुडाला तीच येथे परवान्याच्या मजकुरात निवांत पडून राहिली. प्रत्यक्षात तोवर प्रत्येक बँकेचे संकेतस्थळ १२८ बिटांची किल्ली वापरू लागले होते.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधील हल्लेखोर सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी मोबाइलवर बोलत होते. पलीकडून येणारे कॉल इंटरनेट-टेलिफोनीच्या मार्गाने फिरवलेले होते, पण कूटबद्ध नव्हते. मुंबई पोलिसांनी ते ऐकले. त्या संभाषणांचे उतारे सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात पानोपानी आहेत आणि हल्ल्यामागे कोण होते याचा तो सर्वांत बोलका पुरावा ठरला. ते कॉल पूर्ण कूटबद्ध असते तर हा पुरावा हाती आला नसता. गोपनीयतेच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ लोक हा प्रसंग वगळून पुढे जातात. तसे करू नये.

त्यानंतर ब्लॅकबेरीच्या कूटबद्ध संदेशांसाठी भारत सरकारने कंपनीमागे लावलेला तगादा याच पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. २०१० मध्ये सेवा बंद करण्याचा इशारा दिला गेला. २०१२ मध्ये कंपनीने मुंबईत सर्व्हर बसवला आणि साध्या ग्राहकांच्या मेसेंजरपर्यंत तपास यंत्रणांची वाट खुली झाली. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत सर्व्हरची किल्ली मात्र ब्लॅकबेरीकडेच नव्हती, तेव्हा ती देणार कोठून? सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा मांडला. त्यात कूटबद्ध संदेशांची मूळ प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी, असेही कलम होते. गदारोळ उठला आणि मसुदा लगोलग मागे घेतला गेला.

५ एप्रिल २०१६ रोजी व्हॉट्सॲपने जाहीर केले की यापुढे प्रत्येक संदेश आणि प्रत्येक कॉल टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असेल. सिग्नल या ॲपच्या निर्मात्यांनी घडवलेली ती रीत. एक अब्जाहून अधिक लोकांना त्या दिवशी, न मागता आणि बहुतेकांना न कळता, मार्शल यांच्याकडे नसलेला टेलिफोन मिळाला. आतली क्रिया जुन्या ओळखीची आहे : आवाजाचे आकडे करायचे, आकड्यांत किल्ली मिसळायची. तबकड्यांची जागा डिफी-हेलमन गणिताने घेतली, आणि किल्ली एकदाच नव्हे तर संभाषण चालू असताना पुनःपुन्हा बदलत राहते. उद्या फोन कोणाच्या हाती पडला तरी त्यातल्या किल्लीने कालचे टिपलेले संदेश उकलू नयेत. किल्ल्या फोनमध्ये जन्मतात आणि फोनमध्येच नष्ट होतात. प्रत्येक जोडीदाराच्या माहितीत साठ अंकांची एक संख्याही दिसते. दोघांनी ती ताडून पाहिली की मध्ये कोणी तिसरा बसलेला नाही याची खात्री पटते. ती ताडून पाहिलेला माणूस विरळाच.

कुलूप मजबूत झाले की चोर भिंत फोडतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या व्हॉइस कॉलमधील एका दोषातून इस्रायली कंपनी एनएसओचे पेगासस हे हेरप्रणाली-साधन फोनमध्ये शिरवले जात असल्याचे उघड झाले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. सुमारे १,४०० उपकरणे लक्ष्य झाली होती. व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना सावध केले त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपींचे काही वकील होते. कूटबद्ध संदेश वाटेत कोणी उकलला नव्हता. तो हँडसेटच्या पडद्यावर, उलगडल्यानंतर वाचला जात होता.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. त्यांतील चौथा नियम मोठ्या संदेशसेवांना सांगतो की न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने विचारल्यास एखादा संदेश देशात सर्वप्रथम कोणी पाठवला हे सांगता आले पाहिजे. मजकूर मागितलेला नाही, फक्त मूळ विचारले आहे, असा सरकारचा युक्तिवाद. मूळ सांगायचे तर प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाची खूण जपावी लागेल आणि मग कुलपाला अर्थ उरणार नाही, हे व्हॉट्सॲपचे उत्तर. अफवांनी माणसे मारली गेली होती हे खरे, आणि कोणता संदेश पुढे विचारला जाईल हे आधी ठाऊक नसते हेही खरे. मे २०२१ मध्ये कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कूटबद्धता मोडायला सांगितली तर व्हॉट्सॲप येथून जाईल, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले.

या वादात एक गोष्ट सहसा मागे पडते. १९४३ मध्ये अटलांटिकवर कान लावून बसलेल्याला सिगसॅलीतला शब्द कळत नसे. पण गुणगुण कोणत्या वेळी सुरू झाली आणि किती वेळ चालली, एवढे त्याच्या घड्याळावर दिसत असे. आजही कोण कोणाशी, कधी आणि किती वेळ बोलले याची माहिती त्या कुलपाच्या आत येत नाही. ती कंपनीच्या सर्व्हरवरून जाते आणि तपास यंत्रणा ती रीतसर अर्ज करून मागतात.